टॉयलेटात अलार्म, कॉकपिटात नाक

काल कट्ट्यावर परत तोच विषय, विमानातला धूर. इंजिनच्या ऑइलचा धूर केबिनमध्ये शिरतो ही बातमी सगळ्यांनीच वाचलेली, त्यामुळे वश्याने डायरेक्ट निकाल देऊन टाकला, "लोकांना काहीही वास येतात. हेपा फिल्टर असतो रे, ऑपरेशन थिएटरसारखी हवा!" हा माणूस आयुष्यात चारदा विमानात बसलाय आणि चारही वेळा बोर्डिंग पासचा फोटो टाकलाय.

मन्याची दहा वर्षं हँगरमध्ये इंजिनाखाली गेलीत. तो शांतपणे नखातलं काळं कोरत म्हणाला, "फिल्टर कण पकडतो, वाफ नाही. आणि तो असतो केबिनची हवा परत फिरवतात त्या लायनीवर. बाहेरची हवा येते इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून, ब्लीड एअर, ती बहुतेक विमानांत न गाळताच आत. तिथला ऑइल सील जरा गळला की झालं, आधी ओल्या मोज्यांसारखा वास, मग डोकं गरगर."

"गळून गळून किती गळणार, थेंबभर?"

"थेंबभरच. पण त्या ऑइलमध्ये झीज होऊ नये म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालतात, त्याचा एक प्रकार नसांवर जातो."

वश्याने मोबाइल काढला. युरोपच्या विमानसुरक्षा एजन्सीचा २०१७ चा अभ्यास, केबिनची हवा ऑफिसातल्या हवेइतकीच चांगली किंवा बरीच. आता हे खरंच आहे, आणि अशा हवेने होतो म्हणतात तो एरोटॉक्सिक सिंड्रोम आजार म्हणून डॉक्टर लोकांनी अजून धड मान्य केलेला नाही हेही खरं, पण वश्या ते असं वाचत होता की जणू मोजायला हाच गेला होता.

मन्या म्हणाला, "रोजच्या फ्लाइटी मोजल्या तर रोजचेच आकडे येणार. सील गेला त्या दिवशी मोजणार कोण? टॉयलेटात कोणी बिडी ओढली तर अलार्म वाजतो. इंजिनने ऑइल ओढलं तर पायलटचं नाक. आणि नाक पाच मिनिटांत सरावतं."

पक्याने जर्मनीतल्या कलोनच्या विमानाचा २०१० चा किस्सा काढला. लँडिंगच्या तोंडावर दोन्ही पायलटना वास, मळमळ, गरगर, शेवटी ऑक्सिजन मास्क लावून कसंबसं उतरवलं. सुमी म्हणाली, मास्क तर आपल्यालाही असतात की.

मन्या म्हणाला, "तुझा मास्क केबिनचीच हवा मिसळून देतो. पायलटच्या मास्कला शंभर टक्के ऑक्सिजनची सोय असते. धूर झाला तर तुझा तो गळ्यातला दागिना."

मग बोइंगचं ७८७ विमान निघालं, त्यात केबिनची हवा इंजिनमधून घेतच नाहीत, वेगळे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतात. वश्या लगेच, "बघ, म्हणजे प्रॉब्लेम सुटला!" मन्या म्हणाला, हो ना, बाकीची हजारो विमानं काय आता शोभेला ठेवायची?

एवढ्यात पक्या उखडला. "ए वश्या, तू मला विकलेली ती बाइक! वास येतोय म्हटलं तर काय म्हणालास? नवीन ऑइल आहे, रुळेल. तिसऱ्या चौकात मागच्या माणसाला मी दिसेना झालो!"

"अरे पण तू हेल्मेट घातलं होतंस, तुला वास आलाच कसा?"

"हेल्मेटला हेपा नव्हता त्याच्या," मन्या म्हणाला.

सुमी हसता हसता कट्ट्यावरून घसरलीच. पुढे विमान कुठलं न काय, बाइकचे अर्धे पैसे परत कधी, यावरच रात्री अकरापर्यंत, आणि वश्या अजून म्हणतोय सील चांगलाच होता.