माजी सैनिक फक्त व्यासपीठावरच दिसतो का?

'गोव्याला सैनिकी परंपरा नाही, म्हणून विद्यापीठात माजी सैनिकांचा वर्षातून एकदा तरी सत्कार व्हावा' हे माजी सैनिकांवरच्या एका लेखातलं विधान खटकलं. 1961 च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावर नौदलाचे 7 जवान कामी आले. गोव्यातल्या आयएनएस गोमंतक या नौदल तळावर त्यांचं स्मारक आहे. ते गोव्यासाठी लढले, मग परंपरा नाही कशी? ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या किती विद्यार्थ्यांना अंजदीव नकाशावर दाखवता येईल, हा प्रश्न लेखकाने विचारायला हवा होता.

दुसरं म्हणजे, माजी सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर पदकं लावलेले आजोबाच येतात. प्रत्यक्षात साधा शिपाई बहुतेक वेळा चाळिशीच्या आतच घरी येतो. माझा पेडण्याचा मावसभाऊ असाच परतला आणि एका कॉलेजात सिक्युरिटीला लागला. स्वातंत्र्यदिनाला त्याला शाल-श्रीफळ मिळालं, फोटोही निघाला. पुढे त्याने तिथेच बीएच्या प्रवेशाची चौकशी केली, तर 'इतक्या वर्षांचा गॅप कसा?' म्हणून त्याला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. सीमेवर काढलेली वर्षं म्हणे गॅप! आता अग्निवीर तर 4 वर्षांनी, ऐन पंचविशीच्या आसपास परततील. सैन्यात कायम होणार त्यातले 25 टक्केच. बाकीच्यांना व्यासपीठावर खुर्ची नको असेल, वर्गातला बाक हवा असेल. शुल्कात सवलत, संध्याकाळचे वर्ग, प्रवेशासाठी मदत करणारा एखादा माणूस, यांतलं काहीच लेखात का नाही?