मॉन्टाना वजा केला तरी राइस उरतोच

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की एक जुना मजकूर नव्याने फिरू लागतो. यंदा तो अमेरिकेतल्या भाच्याच्या कृपेने आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन पडला, खाली टाळ्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं: जेरी राइसला सर्वांत मोठा वाइड रिसीव्हर म्हणतात ते उगाच. जो मॉन्टाना आणि स्टीव्ह यंग असे दोन क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक बिल वॉल्शची तयार पद्धत त्याला मिळाली. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. शिवाय तो धावायला संथ, आणि तेव्हाचा खेळ सोपा.

ज्यांनी हे फुटबॉल कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, आणि रिसीव्हर ठरलेल्या वाटेने पळत, अंगावर येणाऱ्या बचावपटूला चकवून तो झेलतो. त्या झेलांतून संघ जितका पुढे सरकतो ते त्याचे यार्ड; चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार गेला की टचडाउन. त्यामुळे ‘फेकणारा चांगला म्हणून झेलणारा मोठा’ हे पटकन पटतं. मलाही काही काळ पटलं होतं.

आता वजाबाकी करू. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाने राइसला १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सोळाव्या क्रमांकावर घेतलं. मॉन्टाना तिथे मुख्य क्वार्टरबॅक होता तो १९९० पर्यंतच. त्या सहा मोसमांत राइसचे ७,८६६ यार्ड झाले. पूर्ण कारकिर्दीचे आहेत २२,८९५. म्हणजे मॉन्टाना गेल्यावरचे १५,०२९. टिम ब्राउन हा हॉल ऑफ फेममधला, म्हणजे खेळातल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीतला रिसीव्हर, पुढे राइसचा सहकारीही झाला. त्याची अख्खी कारकीर्द १४,९३४ यार्डांची. मॉन्टानाचा एकही चेंडू न धरता राइस त्याच्या पुढे आहे.

आणि त्या सहा मोसमांतलं सगळं तरी मॉन्टानाचं कुठे? १९८६ मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि निम्मा मोसम तो बाहेर होता. चेंडू फेकत होते जेफ केम्प आणि माइक मोरोस्की. ही नावं आज फोर्टीनाइनर्सच्या कट्टर चाहत्यांनाही आठवावी लागतात. त्याच वर्षी राइसने १,५७० यार्ड आणि १५ टचडाउन केले, दोन्हीत लीगमध्ये पहिला.

मॉन्टानानंतरच्या यंगचं म्हणाल तर राइसचा सर्वांत मोठा मोसम १९९५ चा: १२२ झेल, १,८४८ यार्ड. तो यार्डांचा विक्रम थेट २०१२ मध्ये कॅल्विन जॉन्सनने मोडला. पण त्या मोसमात यंग जखमी झाला आणि पाच सामन्यांची सुरुवात राखीव क्वार्टरबॅक एल्विस ग्रबॅकने केली. त्यातला डॅलस संघाविरुद्धचा सामना डॅलसच्याच मैदानावर होता; त्या वर्षीचा सुपर बोलही पुढे डॅलसनेच जिंकला. सामन्याच्या दुसऱ्याच डावपेचात ग्रबॅकने फेकलेला एक चेंडू राइसने मधोमध झेलला आणि ८१ यार्डांचा टचडाउन करून टाकला. निकाल ३८-२०. बाकी, ‘यंगने राइस घडवला’ हेच तर्कशास्त्र लावायचं तर उलटही लावता येईल: आधीच्या टॅम्पा बे संघाकडून १९ सामन्यांची सुरुवात करून यंगने जिंकले होते फक्त तीन. मी ते लावत नाही, कारण तेही तितकंच अर्धवट आहे.

पद्धतीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. वॉल्शचे आखूड, वेळेवर येणारे पास आणि झेलल्यावर पळायला मोकळी जागा, हे राइसला नेमकं मानवलं. पण वॉल्श १९८८ च्या मोसमानंतर गेला. त्यानंतर जॉर्ज सायफर्टच्या हाताखाली राइसने आणखी दोन सुपर बोल जिंकले आणि दोन्हींत तीन-तीन टचडाउन केले. २००१ मध्ये तो ओकलंडला रेडर्स संघाकडे गेला. तिथला प्रशिक्षक जॉन ग्रुडन वॉल्शच्याच घराण्यात शिकलेला, हे कबूल. पण एकोणचाळिसाव्या वर्षी १,१३९ आणि चाळिसाव्या वर्षी १,२११ यार्ड कुठल्या पद्धतीने निघतात, हे मजकुराच्या लेखकाने सांगावं. मध्ये १९९७ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. त्याच मोसमात तो परतला, टचडाउन केला आणि तोच करताना गुडघ्याची वाटी मोडून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा १,१५७ यार्ड.

संथ? घड्याळावर, हो. चाळीस यार्डांच्या शर्यतीत तो झगमगला नाही, म्हणून ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दोन रिसीव्हर उचलले गेले. पहिल्या वर्षी चेंडू सुटायचे आणि घरचेच प्रेक्षक हुर्यो करायचे, हेही खरं. पण घड्याळ सरळ रेषेतला वेग मोजतं. राइसची खुबी वळणात होती: वेग न मोडता वळायचं, आणि प्रत्येक वाट पहिल्या काही पावलांत सारखीच दिसू द्यायची. समोरचा ओळखेपर्यंत हा निघून गेलेला. हात म्हणाल तर वडील मिसिसिपीत गवंडी; उन्हाळ्यात भावांनी खालून फेकलेल्या विटा वर झेलायचं काम त्याच्याकडे असे.

‘तेव्हाचा खेळ सोपा’ हा मुद्दा तर नियम पाहिले की सरळ उलटा आहे. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धरायचं नाही, हा नियम १९७८ चा. त्याची कडक अंमलबजावणी २००४ पासून, म्हणजे राइसच्या शेवटच्या मोसमापासून. मधल्या पट्ट्यात झेलणाऱ्याला बेधडक आडवं करणं तेव्हा चालायचं. १९८७ मध्ये संपामुळे त्याच्या वाट्याला बाराच सामने आले, तरी २२ टचडाउन. रँडी मॉसने २००७ मध्ये २३ केले, पण सोळा सामन्यांत.

मजकुरात नसलेली, पण असायला हवी होती अशी गोष्ट मीच सांगतो. हातमोज्यांवर चिकट फवारा मारत असल्याची कबुली राइसने स्वतः २०१५ मध्ये दिली. त्यावर बंदी होती १९८१ पासून. ‘सगळेच करायचे’ हा त्याचा खुलासा मला लंगडा वाटतो. त्याच्यावर टीका करायचीच असेल तर ती इथे करावी. क्वार्टरबॅकच्या नावाने करायची तर आधी जानेवारी २००३ चा सुपर बोल पाहावा: रेडर्स हरत असताना रिच गॅननचा ४८ यार्डांचा पास, आणि टचडाउन करणारा चाळीस वर्षांचा.