लाभांशाचा टक्का फसवा असतो

‘मंदीत भरघोस लाभांश देणाऱ्या औद्योगिक कंपन्या डोळे झाकून उचला’ हा लेखातला सल्ला अर्धाच पटला. १०० च्या शेअरवर ४ लाभांश म्हणजे ४ टक्के. भाव ५० वर आपटला की तोच ८ टक्के दिसतो. कंपनीने एक छदामही वाढवलेला नसतो! शिवाय तो लाभांश टिकेलच असंही नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचंच घ्या. २००९ मध्ये तिमाही लाभांश ३१ सेंटवरून थेट १० सेंटवर आणला, १९३८ नंतर पहिल्यांदाच. मी तरी आधी रोख प्रवाहाचं पत्रक, म्हणजे कंपनीत पैसा कुठून आला नि कुठे गेला याचा हिशेब, उघडतो. यंत्रसामग्रीचा खर्च वजा जाता उरलेल्या रोकडीतून लाभांश निघतोय की कर्ज काढून, ते तिथे लगेच कळतं. ऑर्डरी आटल्या की कर्जात बुडालेली कंपनी आधी लाभांशालाच कात्री लावते.