विहिरीच्या पाण्याने बाग गारठते म्हणे!

डिसेंबर लागला की निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या मोबाइल गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘शेतकरी बांधवांनो, सावधान’ अशी सुरुवात, खाली हात जोडलेले. सांगणं थोडक्यात असं: पारा उतरला असताना पहाटे ठिबक सोडू नका, पाणी गार असतं, बाग आणखी गारठते. पारा १० वरून ५ वर आला म्हणजे थंडी दुप्पट झाली. हवामान केंद्राचा आकडा शून्यावर येत नाही तोवर दव गोठत नाही, निर्धास्त झोपा. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा थंडी खेचतात. आणि शेवटी, धूर करा; धुराची गोधडी बागेतली ऊब अडवते.

पाचही मुद्दे ठामपणे लिहिलेत. पाचही चुकीचे आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे: पारा किती आहे आणि उष्णता किती आहे, या दोन गोष्टी मेसेज लिहिणाऱ्याने एकच धरल्यात. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात त्या वेगळ्या करून दाखवल्या होत्या.

पाण्यापासून सुरू करू, कारण नुकसान तिथेच जास्त आहे.

पहाटे मोटर चालू केल्यावर पाइपाच्या तोंडाशी हात धरून बघा. पाणी कोमट लागतं. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं, त्यामुळे बाहेर हवा ५ अंश असली तरी विहिरीचं पाणी २२ च्या आसपास असू शकतं. आता हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने निवलं की एक किलोकॅलरी उष्णता सोडतं. एकराला १०,००० लिटर पाणी दिलं आणि ते २२ वरून ५ वर आलं, तर मातीला आणि हवेला १,७०,००० किलोकॅलरी मिळतात. किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी धरली, तर हे जवळपास पन्नास किलो वाळलेलं लाकूड झालं. शेजारी पाव लिटर उकळतं पाणी ठेवा. त्याचा पारा १०० आहे, पण ५ अंशांवर येईपर्यंत त्याच्याकडे द्यायला जेमतेम २४ किलोकॅलरी आहेत. हाताला चटका देणारं ते, आणि बागेला ऊब देणारं मात्र दुसरंच.

म्हणून पहाटेचं ठिबक म्हणजे रामबाण, असं मात्र समजू नका. निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता फेकत असते. दर चौरस मीटरमागे ६० वॅट धरले तरी ४,००० चौरस मीटरच्या एकरातून तासाला दोन लाख किलोकॅलरींहून जास्त निघून जातात. म्हणजे वरच्या हिशेबातली सगळी कमाई एका तासातच खर्च झाली. खरी शिल्लक मातीत आधीपासून असलेल्या ओलीत असते. ठिबकने पूर्ण एकर भिजत नाही, तरी वरच्या फूटभर थरात दीड लाख लिटर पाणी मुरलेलं असेल, तर तो थर एका अंशाने निवताना नुसतं पाणीच दीड लाख किलोकॅलरी सोडतं. शिवाय ओली माती कोरड्या मातीपेक्षा खालची ऊब वर चांगली पोचवते. त्यामुळे थंडीची लाट येतेय असं कळलं की जमीन आदल्या दिवसांतच ओली असलेली बरी, म्हणजे दिवसाचं ऊनही तिच्यात साठतं. (मणी भरताना किती पाणी सोसतं, हे गणित वेगळं. ते तुमच्या सल्लागाराला विचारा.)

मेसेजची बाजू घ्यायचीच तर एका ठिकाणी घेता येईल. तेच पाणी पानांवर फवारलं आणि कोरडं वारं सुटलं, तर बाग खरंच गारठेल. पण त्याचं कारण पाणी गार असणं नव्हे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५९० किलोकॅलरी ओढून घेतल्या जातात, आणि तेच लिटर २२ वरून ५ वर येताना देतं फक्त १७. फवारलेल्या पस्तीस लिटरांतल्या एका लिटरची वाफ झाली, तरी सगळी कमाई गेली. बाष्पीभवनाचा हा दोष मेसेजने पाण्याच्या तापमानावर ढकललाय, आणि बिचाऱ्या ठिबकलाही त्यात ओढलंय.

‘थंडी दुप्पट’ हा मुद्दा लवकर संपतो. सेल्सिअसच्या पट्टीवरचं शून्य म्हणजे उष्णतेचा तळ नव्हे, ते फक्त पाणी गोठण्याचं ठिकाण आहे. सेल्सिअसने १७४२ मध्ये पट्टी आखली तेव्हा तर उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्याला १०० दिलं होतं. आकडे नंतर उलटे केले गेले. त्या मूळ पट्टीवर हाच मेसेज लिहिला असता, तर पारा ९० वरून ९५ वर ‘चढला’ असता. खऱ्या तळापासून मोजायचं तर केल्विनची पट्टी घ्यावी लागते. तिच्यावर १० अंश म्हणजे २८३ आणि ५ अंश म्हणजे २७८. फरक दोन टक्क्यांहूनही कमी. वेलीला हे पाच अंश जड जातात हे खरं आहे, पण ती वेलीच्या वाढीची गोष्ट झाली, त्यात दुप्पट-तिप्पट काही नाही.

तिसरा मुद्दा खरोखर घातक आहे. वर्तमानपत्रात निफाडचा जो आकडा येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. हवामान केंद्रातला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो, तुमच्या पानाचं नाही. पेटीवर छप्पर आहे, पानावर थेट आकाश. शांत, निरभ्र रात्री पान उष्णता फेकत आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश खाली जातं. त्यात गार हवा जड असल्याने खोलगट जागी साचते. कादवा नदीकाठचे सखल मळे आणि वरच्या टेकाडावरची बाग यांचा पारा एकाच रात्री वेगळा असतो. त्यामुळे पेटीत ३ अंश असताना खालच्या मळ्यात पानावरचं दव गोठलं, तर त्यात कुणीही खोटं बोलत नाही. केंद्राच्या आकड्यावर झोपण्यापेक्षा बागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, वेलीच्या उंचीवर, एक साधा तापमापक टांगा.

लोखंडाचं काय? पहाटे अँगलला हात लावला तर बर्फासारखा लागतो, शेजारचा बांबू तसा लागत नाही. दोघांचा पारा जवळपास सारखाच असतो. लोखंड लाकडापेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून हाताची ऊब झटकन ओढली जाते आणि आपल्याला ते गार वाटतं. वेल काही ३७ अंशांवर नसते. तिच्याकडून अँगलने ओढावं असं जास्तीचं काहीच नाही.

आता गोधडी. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णतेची लांब लहरींची किरणं त्यांच्यातून फारशी न अडता निघून जातात. दाट ढग ती अडवतात, म्हणूनच आभाळ आलेल्या रात्री गारठा कमी. शेकोटीचा उपयोग होतो तो धुरामुळे नाही, जाळामुळे. शांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असते. लहान लहान जाळ या दोन थरांना हलकेच मिसळतात. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा सरळ वर निघून जाते. म्हणजे ओला पाला किंवा टायर जाळून काळा धूर काढण्यात काहीच मिळकत नाही, उलट सकाळी तो धूर ऊन अडवून बाग तापायला उशीर करतो. वाळलेली लाकडं, ओळीओळीत लहान शेकोट्या, आणि त्या सूर्योदयापर्यंत टिकतील एवढं जळण. पारा सर्वांत खाली जातो तो उजाडण्याच्या सुमारास, आणि डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. तीनला पेटवून पाचला विझलेली शेकोटी नेमकी उजाडण्याआधीच्या दोन तासांत उपयोगाला येत नाही.