कुंडीच्या तळाला खडी कशाला भरताय?

"कुंडी भरायची शास्त्रीय पद्धत" म्हणून एक मेसेज सध्या सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय. तळाला ३ इंच खडी नाहीतर विटांचे तुकडे टाका म्हणजे पाणी साठत नाही, वर शेतातली काळी माती भरा कारण ती सगळ्यात सुपीक, रोपाला पहिल्यापासून मोठी कुंडी द्या, रोज सकाळी न चुकता पाणी घाला, आणि महिन्यातनं एकदा एप्सम सॉल्ट. यातलं एकही जसंच्या तसं करू नका.

खडीचं आधी बघू, कारण हे लई जण करतात. ऐकायला पटतं, खडीतनं पाणी भराभर जातं म्हणजे खाली खडी असली की निचरा होणारच. पण पाणी खडीपर्यंत उतरलं तर जाईल ना! मातीतली बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही, त्यामुळं मातीचा खालचा थर पूर्ण चिंब होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही आणि निथळायचं थांबल्यावरही तो थर चिंबच राहतो. तो किती जाड असणार हे मातीवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणजे १० इंचाच्या कुंडीत ३ इंच खडी भरली की तोच चिखल ३ इंच वर सरकला आणि मुळांना राहिली ७ इंच जागा. पटत नसेल तर भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकायचं थांबलं की उभा करा, परत पाणी गळायला लागतं. उंची जास्त तितका निचरा चांगला, आणि खडी भरून आपण मातीची उंचीच कमी करतोय.

मला वाटतं जुनी माणसं भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवायची, माती वाहून जाऊ नये म्हणून, त्याचंच पुढं ३ इंच झालं असणार. तो एक तुकडा ठेवा की, जाळीही चालते. गच्चीवर वजन नको म्हणून मोठ्या कुंडीत खाली थर्माकोल टाकत असाल तर तेही ठीक, फक्त त्याला निचरा म्हणू नका.

आता काळी माती. सुपीक आहे, कोण नाही म्हणतंय, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत ती वाळली की कडेनं सुटते, मग वरनं घातलेलं पाणी त्या फटीतनं सरळ खाली, भोकातनं वाहताना दिसतं म्हणून आपण खूश आणि मधली मुळं कोरडीच. आणि नुसत्या सुपीकतेनं भागत असतं तर वाळवा, पलूस, मिरजेकडची नदीकाठची काही रानं क्षारपड (क्षार साठून नापीक) झाली नसती. उसाला पाणी पाजून पाजून निचरा न झाल्यानं ती गेली, आता जमिनीत सच्छिद्र पाईप गाडून पाणी काढायला लागतंय. कुंडीत काळी माती फार तर चौथा हिस्सा घ्या, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भाताचं तूस, कंपोस्ट. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) मिळत असेल तर उत्तमच, पण नीट कुजलेली बघून आणा, ताजी तापते आणि मुळं भाजतात.

मोठ्या कुंडीचंही तेच. छोट्या रोपाची मुळं तेवढं पाणी ओढत नाहीत, माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. आधीच्यापेक्षा २ इंच मोठी कुंडी बास.

रोज पाणी? सांगलीच्या मे महिन्यात गच्चीवरल्या जास्वंदीला दोनदा लागेल, तेच श्रावणात घरातल्या स्नेक प्लांटला रोज घातलं तर गेला तो. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असेल तर उपयोग, नाहीतर उगीच क्षार वाढवणं.

ज्यांनी आधीच खडी भरलीय त्यांनी लगेच उपटाउपटी करू नका, रोप बरं दिसत असेल तर पुढच्या रिपॉटिंगला, म्हणजे कुंडी-माती बदलताना काढा. पानं पिवळी पडून मातीला कुबट वास येत असेल तर मात्र थांबू नका, आजच कुंडी पालथी करा आणि कुजलेली मुळं कापून नवीन मातीत लावा.