दहाची पावती

काल संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर एका माणसानं माझ्या हातात दहाची नोट कोंबली. मी कठड्यावर बसलो होतो, शेजारी ही, आणि आम्ही दोघं पाण्याकडे पाहत होतो.

"काकाजी, गाडी लावली. दहाच ना?"

माझ्या अंगात खाकीकडे झुकणारा हाफ शर्ट, हातात कुत्र्यांसाठीची काठी. एवढ्यावर माणसाचा हुद्दा ठरतो.

"मी पार्किंगवाला नाही," मी म्हणालो.

"मग पैसे काहून घेतले?"

"मी घेतले नाही. तुम्ही दिले."

"हौ, म्हणजे घेतलेच न. आता पावती द्या."

माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली. 'व्हाउचर जोडलेले नाही' हा शेरा मी इतक्यांच्या फायलीवर मारला आहे की काही जण अजून लग्नात दिसले तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जातात. आणि माझ्याकडे पावती मागतो कोण, तर स्कूटरला आरसा नसलेला माणूस.

नोट परत करायला हात पुढे केला, तर तो मागे सरकला. "परत नका देऊ. मागून म्हणाल, दिलेच नाही. सगळीकडं हेच चालू आहे, काकाजी. कोणी पावतीच देऊन नाही राहिलं. तुमच्यासारख्या वयस्कर माणसानं तरी असं करू नये."

"अहो, मी इथं नुसता बसलो आहे!"

"नुसता कोण बसते?"

त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढली. "जाऊ द्या ना. म्हातारे आहेत. असतील कोणी ठेवलेले."

ठेवलेले! मी साक्षीदार म्हणून भुट्टेवालीकडे पाहिलं. ती आम्हाला ओळखते, लिंबू जरा जास्त चोळते. म्हटलं, बाई, सांगा यांना मी कोण.

"हे काकाजी?" ती निखाऱ्यावर पंखा हलवत म्हणाली, "हे रोजचेच आहेत. पाऊस असो का थंडी, खाडा नाही. साडेपाच म्हटलं की हजर. लय इमानदार."

माणसाच्या चेहऱ्यावर विजय पसरला. "पाहा!"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. खरं म्हणजे तिनं सांगितलं त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं घड्याळाला बांधल्यासारखे जगतो. पहाटे दूध, मग चहा, मग पेपर. आधी मी, नंतर ही, कारण मी शब्दकोडं अर्धं चुकवून ठेवतो आणि ते दुरुस्त करण्यात तिची सकाळ चांगली जाते. दुपारी वरण-भात, झोप. साडेपाचला काठ. काठावर आमचं संभाषण होतं ते असं. ती म्हणते, "पाणी वाढलं." मी म्हणतो, "हो." पाऊस संपला की तेच उलट. मुलगी फोनवर विचारते, बाबा, कंटाळा नाही येत? आता तिला काय सांगावं, न बोलता शेजारी बसता यायला आम्हाला उभा संसार लागला.

नातेवाइकांचा मात्र वेगळाच समज. "तलावाकाठी घर, मजा आहे बाप्पा!" त्यांना संध्याकाळी सहानंतर आमच्या गच्चीवर बसवावं. डास असे, की हरदासाच्या कीर्तनाला इतकी गर्दी होत नाही. शिवाय 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा "मजा आहे" म्हणणारे हेच लोक फोनवर "तुमच्याकडे आलं का?" असं, मला तर वाटलं थोड्या उत्साहानंच, विचारत होते. आलं नव्हतं. त्यांची निराशा झाली असावी.

आणि हा काठही पूर्वीसारखा कुठं राहिला? भोसल्यांच्या काळातला तलाव. आता पाण्यात कारंजं उभं आहे, काठाला प्रेक्षकांसाठी गॅलरी. फुटाळा पाणथळ जागा धरायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. ठीक आहे, तलावाचा दर्जा ठरवायला न्यायालय आहे. कठड्यावरच्या म्हाताऱ्याचा दर्जा कोणीही येता-जाता ठरवतो. "काका, जरा फोटो काढा." "काका, हेल्मेटवर लक्ष ठेवा." "काका, बाळाला दोन मिनिटं धरा, आम्ही रील काढून आलोच." एकदा धरलं. ते बाळ माझ्या खिशातला चष्मा चघळत होतं आणि आईबाप सूर्यास्ताला पाठ करून नाचत होते. बसायला मोकळी जागा शोधावी तर ठेले, ठेल्यांसमोर खुर्च्या, आणि खुर्चीत टेकलं की, "काकाजी, ऑर्डर?" काही न घेता, काही न करता बसायची सोयच कोणी ठेवलेली नाही. बगळा तासभर एका पायावर उभा राहतो, त्याला कोणी काम सांगत नाही.

असो. तो माणूस बायकोला घेऊन गॅलरीकडे निघाला. जाता जाता मागे वळून म्हणाला, "डिक्कीत पिशवी आहे, बघजा."

मी हिच्याकडे पाहिलं. माझ्या अपमानानं ही चिडली असेल, अशी आशा होती. तिनं माझ्या मुठीतली नोट काढून घेतली, पदराला बांधलेले वीस त्यात घातले आणि भुट्टा आणला. एकच. अर्धा मोडून मला दिला.

"हा गैरव्यवहार आहे," मी म्हणालो.

"खा. आणि त्या लाल गाडीवाल्याला सांगा, आडवी लावलीय. मागच्यांनी कशी काढायची?"

मागे वळून पाहिलं, तर आरसा नसलेल्या त्या स्कूटरशेजारी एक ओळ तयार झाली होती. लाल गाडी खरंच आडवी होती.