व्रण फोटोत दिसतो, मग ओसीटी कशाला?

ओल्या एएमडीत (उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बिघडवणाऱ्या आजारात) पडद्यावर होणाऱ्या व्रणाबद्दल आणि ओसीटीबद्दल, म्हणजे पडद्याच्या स्कॅनबद्दल, मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘आईच्या डोळ्यातला व्रण साध्या फोटोतही पांढरा दिसतो, तरी दर खेपेला ओसीटी. तुमच्या लेखानं या बिलांनाच खतपाणी घातलं.’ आणि शेवटी विचारलंत, ‘आम्ही इंजेक्शनं द्यायला कमी पडलो का?’

आधी माझी चूक. ओसीटीत व्रण ओळखू येतो, असं मी सरसकट लिहून गेलो. स्कॅनमध्ये पडद्याखाली जो पांढरा जाडसर भाग दिसतो तो व्रण असू शकतो, तसंच साकळलेलं रक्त, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं प्रथिन) किंवा नव्या रक्तवाहिन्यांचं जाळंही. याच आजारावरच्या अमेरिकेतल्या ‘कॅट’ अभ्यासातसुद्धा व्रण ठरवले ते रंगीत फोटो आणि डाय देऊन केलेली अँजिओग्राफी (डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो) पाहून. तिथे सुरुवातीला व्रण नसलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ४५ टक्के डोळ्यांत २ वर्षांत व्रण झाला, तोही इंजेक्शनं चालू असताना. तेव्हा कमी पडल्याचा सल कृपा करून मनातून काढा.

पण ओसीटी नकोच, हे मला पटत नाही. फोटो समोरून घेतलेला असतो. ओसीटीत पडद्याचा उभा छेद दिसतो. व्रण झाला तरी त्याच्या कडेला गळती चालू राहू शकते, आणि तिथे साचलेलं थोडंसं पाणी फोटोत सहज निसटतं.

तुमच्या बिलाशी थेट संबंध असलेली गोष्ट तर माझ्या लेखात आलीच नव्हती. व्रणावरच्या प्रकाशपेशी झिजतात तेव्हा त्यांचा थर गुंडाळला जाऊन बारीक नळ्या तयार होतात. छेदात त्या पांढऱ्या कडेच्या काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात, थेट पाण्याच्या फोडासारख्या. २००९ मध्ये त्यांचं नीट वर्णन झालं. हे पाणी नव्हे, त्यामुळे इंजेक्शननं ते ओसरत नाही. वाचणाऱ्यानं गफलत केली तर आईंना विनाकारण सुया टोचल्या जातात. स्कॅन नीट वाचला तर त्याच सुया वाचतात.

पुढच्या वेळी जुने सगळे स्कॅन सोबत न्या. डॉक्टरांना विचारा, ‘हे पाणी आहे की नळ्या? मागच्या इंजेक्शनानंतर यात काही फरक पडला का?’ त्याच जागेचा आधीचा छेद शेजारी उघडून दाखवायला सांगा. आणि दुसऱ्या डोळ्याचा स्कॅन मात्र टाळू नका. आईंचं वाचन आता त्याच डोळ्यावर आहे.